ब्लेझरवर कोणते मोती: टॉप्स, कुडी की लोंबते?

ऑफिससाठी मापाचा ब्लेझर शिवून झालाय, खाली सरळ ट्राउझर आहे, आत इस्त्रीचा शर्ट आहे, आणि कानात मोती घालायचे हेही ठरलंय. आता सराफाकडे जाण्याआधी एक काम करा. ब्लेझर घालून आरशासमोर उभ्या राहा आणि कानाच्या पाळीपासून कॉलरपर्यंत किती जागा मोकळी राहते ते बघा. खरेदी करताना मोत्याचं माप, रंग, भाव या सगळ्यावर खल होतो, कॉलरचा विचार मात्र राहून जातो. माझ्या मते टॉप्स घ्यायचे, कुडी घ्यायची की लोंबते, हे बऱ्याच अंशी त्या मोकळ्या जागेवरच ठरतं.

माझा कौल आधीच सांगते. कॉलरचा शर्ट आणि वर ब्लेझर असा रोजचा वेष असेल, तर पहिली जोडी टॉप्सची घ्या, सात ते आठ मिलिमीटरच्या मोत्याची. बिनकॉलरचं जॅकेट किंवा बंदगळा घालत असाल तर कुडी नक्की घालून बघा. लोंबते या दोन्हींनंतर.

शिवलेल्या कपड्यात सगळा खेळ रेषांचा असतो. खांद्याची शिवण, लॅपलची म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीची घडी, ट्राउझरची क्रीज, सगळं सरळ आणि नेमकं. या रेषांशेजारी पैलूदार खडा लखलखतो आणि नजर तिकडे खेचतो. मोती तसं करत नाही. तो अतिशय पातळ थरांचा बनलेला असतो, उजेड त्या थरांतून आत जाऊन परत येतो, म्हणून त्याचं तेज शांत दिसतं. शर्टाला शिंपल्याची बटणं असतील तर मोती अजूनच जुळून येतो, कारण शिंपल्याच्या आतला चकचकीत थर आणि मोती एकाच द्रव्याचे असतात. प्लॅस्टिकची बटणं बदलून शिंपल्याची लावणं हा फार मोठा खर्च नाही. ज्यांना मोती रोज घालायचे आहेत त्यांनी तो जरूर करावा.

टॉप्स

ब्लेझरचे खांदे रुंद असतात, त्यांच्यापुढे सहा मिलिमीटरहून लहान मोती हरवून जातो. दहाच्या पुढे गेलात की कानातलं समारंभाचं वाटायला लागतं. म्हणून सात-आठ. पाळी अगदी लहान असेल तर साडेसहा चालेल. हे अर्ध्या मिलिमीटरचे फरक कागदावर क्षुल्लक वाटतात, पण कानावर स्पष्ट दिसतात. त्यामुळे दोन-तीन मापं घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मग प्रश्न येतो गोड्या पाण्यातला मोती घ्यायचा की अकोया. गोड्या पाण्यातले मोती आज बहुतांश चीनमधून येतात. ते तयार करताना शिंपल्यात सहसा मणी न घालता दुसऱ्या शिंपल्याच्या ऊतीचा बारीक तुकडा ठेवतात, त्यामुळे असा मोती जवळजवळ आतपर्यंत मोत्याच्याच थरांचा असतो. अकोया खाऱ्या पाण्यातला, मुख्यतः जपानचा. त्याच्या आत शिंपल्यापासून घडवलेला गोल मणी असतो आणि वर मोत्याचा थर चढलेला असतो. गोलाई नेमकी, चमक धारदार, आणि किंमत काही पटींनी जास्त. दोन्ही शेजारी ठेवले तर अकोया जिंकतो हे मान्य. पण लोकलची गर्दी, घाम, दिवसभर एसी आणि घाईघाईत कानातले काढून पर्समध्ये टाकणं, या रोजच्या रगाड्याला मी गोड्या पाण्यातलेच घेईन. अकोया अशांनी घ्यावा ज्यांच्याकडे रोजची एक जोडी आधीच आहे.

टॉप्सची एक सोय फारशी सांगितली जात नाही. मोत्याची मागची बाजू कुणाला दिसत नाही, त्यामुळे पूर्ण गोल मोत्याचा आग्रह धरायची गरज नाही. मागून चपटा असलेला बटण मोती घ्या. तो पाळीला चिकटून बसतो, वजनाने पुढे झुकत नाही आणि गोल मोत्यापेक्षा स्वस्त पडतो. समोरून फरक कळत नाही.

दुकानात ‘खरा आहे की कल्चर्ड?’ असं अजूनही विचारलं जातं. कल्चर्ड मोती खराच असतो. शिंपल्याच्या पोटातच वाढतो, फक्त सुरुवात माणूस करून देतो. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये असा पहिला अर्धगोल मोती मिळवला आणि आज बाजारात दिसणारे जवळजवळ सगळे मोती याच वाटेने येतात. नकली म्हणजे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर लेप दिलेला. दाताच्या कडेवर अगदी हलका घासला तर खरा मोती किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत. नोकरी नुकती लागलीय आणि हातात पैसे बेताचे आहेत, तर चांगल्या लेपाचे काचेचे मोती बिनधास्त घ्या. पॅरिसच्या फॅशन डिझायनर कोको शनेल यांनी खोटे मोती खऱ्यांत मिसळून उघडपणे वापरले, आणि १९५४ मध्ये पुन्हा व्यवसाय सुरू केल्यावर त्यांची जी ट्वीडची जॅकेटं गाजली त्यांच्यासोबतही असे मोती सर्रास दिसत. नकली मोत्याचा लेप छिद्रापाशी सुटायला लागला की मात्र तो लगेच बदला. इतक्या नीट शिवलेल्या कपड्यावर सोललेला मोती फार वाईट दिसतो.

कुडी

आता माझ्या आवडीचा विषय. मराठी घरांतल्या कितीतरी कपाटांत आईची किंवा आजीची कुडी असते आणि ती पैठणी किंवा नऊवारीबरोबरच बाहेर येते. ती ब्लेझरवर चालेल का, असं विचारलं की बहुतेकींना आधी शंका येते. चालेल. गडद निळ्या किंवा काळ्या बिनकॉलरच्या जॅकेटवर कुडी जशी उठते तसा एकटा मोती उठत नाही. याचं कारण तिच्या घडणीत आहे. कुडी पाळीवरच बसते, तिच्यातलं काही खाली लोंबत नाही, हलत नाही. तशी ती टॉप्सच, फक्त एका मोत्याच्या जागी मोत्यांचं फूल. बिनकॉलरच्या जॅकेटमध्ये गळ्यापाशी जी रिकामी जागा उरते तिला एवढा भरीव आकार तोलून धरतो. बंदगळ्यावरही ती शोभते. तिथे कॉलर उभी असते, गळ्यात काही घालता येत नाही, त्यामुळे दागिना दिसायला कानाचीच जागा उरते.

पण कुडी टॉप्ससारखी कशावरही चालत नाही. कापड एकरंगी हवं. चौकडा, पट्टे, हाउंडस्टूथ (दातेरी चौकडा) अशा विणीवर मोत्यांचं फूल गोंधळ घालतं, तिथे टॉप्सच बरे. कुडीच्या मधोमध लाल खडा असेल तर नजर थेट तिथे जाते. मग ओठांचा रंग आणि टिकली त्या लालाशी भांडणार नाही एवढं बघा, किंवा ऑफिससाठी मध्येही मोतीच असलेली कुडी निवडा. दोन वाट्यांचं लांब मंगळसूत्र आणि कुडी एकत्र आली की जॅकेट उसनं आणल्यासारखं वाटायला लागतं. कुडीच्या दिवशी काळ्या मण्यांचं आखूड मंगळसूत्र घाला, नाहीतर लांब असेल ते शर्टाच्या आत राहू द्या. बुगडी आणि वेल घरीच ठेवा. केस मात्र बांधायलाच हवेत, अंबाडा किंवा मानेवर सैल गाठ. मोकळ्या केसांत कुडी अर्धीच दिसते आणि अर्धी दिसलेली कुडी केसांत काहीतरी अडकलंय असा भास करते.

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या सराफांकडे वेगवेगळ्या मापांच्या कुड्या मिळतात. लग्नाच्या मापाची ऑफिसला नको. बारीक मोत्यांची, पाळीच्या बाहेर न जाणारी मागा. आणि तुमचं काम दिवसभर हेडफोन लावून बोलण्याचं असेल तर कुडीचा मोह सोडा. कानावर दाब आला की मागची फिरकी टोचते आणि तासाभरात कान लाल होतो.

घरातली जुनी कुडी वापरायची असेल तर आधी मोती कसले आहेत ते तपासून घ्या. इराणच्या आखातातल्या नैसर्गिक मोत्यांना आपल्याकडे बसरा मोती म्हणतात, आणि ते आता दुर्मीळ आहेत. नैसर्गिक आणि कल्चर्ड मोत्यातला फरक एक्स-रे तपासणीत कळतो. कुडी दुरुस्तीला किंवा नव्याने गुंफायला देण्याआधीच ही तपासणी करावी. बसरा निघाले तर ती कुडी रोजच्या धावपळीला काढू नका. एखाद्या मोठ्या सादरीकरणाच्या दिवशी, बढतीच्या दिवशी घाला.

लोंबते

यांना मी शर्टाच्या कॉलरबरोबर सरळ नाही म्हणते. मान वळली की मोती कॉलरवर आपटतो, लॅपलला घासतो. मोती फार कठीण नसतो, कठीणपणाच्या एक ते दहा अशा मोह्स मापावर अडीच ते साडेचारच्या आसपास. जॅकेटवरचा ब्रोच किंवा पर्सच्या पट्ट्याची धातूची कडी त्याला सहज ओरखडे पाडते. गळ्याशी बो बांधायचा ब्लाउज असेल तर तिथेही लोंबत्यांना जागा नाही. मार्गारेट थॅचर १९७९ ते १९९० ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या. त्यांच्या सूट आणि बो असलेल्या ब्लाउजमधल्या छायाचित्रांत कानाला घट्ट बसलेले ठसठशीत मोती पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यातली नेमकी जागा अभ्यासण्यासारखी आहे. गळ्याशी कापडाचा पसारा, कानाशी एक घट्ट गोल.

आत व्ही गळ्याचा टॉप, केस वर, मान मोकळी, असं असेल तर लोंबते सुंदर दिसतात. पाळीखाली दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरू देऊ नका. व्हिडिओ कॉलवर तर अजिबात नको. चौकट लहान असते आणि तुम्ही बोलत असताना समोरचा हलणारा मोतीच बघत बसतो.

रंग

शुभ्र पांढऱ्या शर्टाशेजारी क्रीम छटेचा मोती पिवळट वाटतो, तिथे पांढरा किंवा गुलाबी झाक असलेला घ्या. क्रीम मोत्याला ऑफव्हाइट शर्ट द्या, दोन्ही खुलतात. बेज सूटवर क्रीम मोती दिसेनासा होतो, म्हणून गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा नैसर्गिक पीच किंवा फिकट जांभळा रंग तिथे वापरून बघा. ताहितीचे गडद मोती करड्या सूटवर फार छान दिसतात, काळ्यावर दुरून कळतच नाहीत. आणि सावळ्या कांतीला पांढरा मोती शोभत नाही, असं कुणी सांगितलं तर कृपया मनावर घेऊ नका. सावळ्या पाळीवर पांढऱ्या मोत्याचं तेज जितकं स्पष्ट दिसतं तितकं गोऱ्या कानावर दिसत नाही. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर ठेवून ठरवा. दुकानाच्या दिव्यांखाली सगळेच मोती गुणी वाटतात.

वकील असाल तर निवड सोपी आहे. काळा कोट, पांढरी कॉलर, पांढरे बँड हा नियमाने ठरलेला वेष आहे. त्यात काळ्या-पांढऱ्याचा विरोध आधीच पुरेसा आहे, म्हणून तिथे पांढरे टॉप्स, सात मिलिमीटरपर्यंत. कुडी मला तिथे जड वाटते.

शेवटी मागची बाजू, कारण मोती हरवतो तो तिथूनच. टॉप्सना दाबून बसवायच्या पेचापेक्षा आट्यांची फिरकी मागा. पाळीचं भोक ओघळलेलं असेल तर मागे रुंद चकती लावून घ्या, मोती खाली मान घालणार नाही. अत्तर, केसांचा स्प्रे, क्रीम हे सगळं आधी, मोती सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर ते सर्वांत आधी काढा आणि मऊ सुती कापडाने घाम पुसून वेगळ्या कप्प्यात ठेवा. अंघोळीला कधीच नको. टॉप्समध्ये मोत्याला अर्धवट भोक पाडून त्यात दांडी गोंदाने बसवलेली असते आणि पाण्याने तो गोंद ढिला होतो. महिन्यातून एकदा मोती दोन बोटांत धरून हलकेच फिरवून बघा. जागच्या जागी फिरला तर त्याच दिवशी सराफाकडे टाका.