गणपती पेठेत भेटलेला सांता

सांगलीच्या गणपती पेठेतील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी सांगून ठेवलेला अंक अखेर हाती आला: अमेरिकेच्या डेल प्रकाशनाने १९६६ मध्ये काढलेले ‘सांता क्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स’ हे कॉमिक. मूळ चित्रपट १९६४ चा. त्यात मंगळावरच्या उदास मुलांसाठी तिथली मंडळी चक्क सांतालाच पळवून नेतात. पडद्यावर जी काटकसर पदोपदी उघडी पडते, ती कागदावर उरत नाही, कारण चित्रकाराला यान काढायला आणि झोपडी काढायला सारखीच शाई लागते. नाताळच्या अशा दुय्यम चित्रपटांची कॉमिक्स मी जमवतो ती याचसाठी.

मुखपृष्ठावर १२ सेंट ही किंमत शाबूत आहे, कडा चहासारख्या तपकिरी झाल्या आहेत आणि भिंगातून पाहिले की सांताच्या डगल्यावरचे छपाईचे ठिपके सुटे सुटे दिसतात. मात्र फोनवर ‘अंक अगदी पूर्ण’ असे सांगितले असताना मधले जोडपान पिनांपासून सुटलेले निघाले, शिवाय गंजाचे दोन डागही होते. मालकांनी वाद न घालता १८०० रुपयांतून ३०० कमी केले, हे मान्य केले पाहिजे. कृष्णेचे पाणी २०१९ मध्ये ज्या शहरात शिरले, तिथे असा कागद उघड्या फळीवर ठेवणे मला तरी पटत नाही. दुकानात जाणाऱ्याने पाने तिथेच मोजून घ्यावीत.