'चालू आहे ना?' : रास्पबेरी पायच्या किटमधली फसवणूक

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणारा संगणक. तो बंद बोर्ड विकून फसवणं आता परवडत नाही. बंद बोर्ड दुसऱ्या दिवशी परत येतो आणि भांडणही होतं. म्हणून विकला जातो तो चालणारा बोर्ड. लाल दिवा लागतो, टीव्हीवर डेस्कटॉप येतो. घेणारा नवशिका असतो, त्यामुळे पुढे जे जे बिघडेल ते तो 'मलाच जमत नाही' म्हणून सोडून देतो. तोवर परतीची मुदत संपते. विक्रेत्याकडे गेलं की एकच उत्तर मिळतं, "बोर्ड चालू आहे ना भाऊ?"

हिंगणा रोडकडच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने घेतलेली अशीच एक 'स्टार्टर किट' इथे उघडून दाखवत आहोत. जाहिरात मोबाईलवर पाहिली, पैसे यूपीआयने आधी दिले आणि डबा सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर हातोहात मिळाला. जागा विक्रेत्याने ठरवली होती, कारण तिथे ना प्लग ना मॉनिटर. डब्यावर लिहिलं होतं: रास्पबेरी पाय ४, ८ जीबी, ३ अँपिअरचा चार्जर, ६४ जीबीचं कार्ड, हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर, पाण्यात बुडवून तापमान मोजणारा डीएस१८बी२० प्रोब, आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, दोन बॅटऱ्या आणि वायरी. यातली एकही वस्तू लिहिल्याप्रमाणे नव्हती, आणि एकही बंद नव्हती.

आधी बोर्ड. पाय ४ हा खराच होता, फक्त ८ ऐवजी २ जीबीचा. मेमरीच्या चिपवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आधीच चिकटवलेला होता, त्यामुळे चिपवरचे आकडे दिसत नव्हते. हीटसिंक फुकट मिळाला म्हणून खूश होण्याआधी तो कशावर बसवलाय ते पाहावं. विक्रेत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ८ जीबी दिसत होतं, पण तो स्क्रीनशॉट दुसऱ्याच बोर्डाचा. त्याच्या कार्डावर काय दाखवायचं हेही त्याच्याच हातात असतं.

पाय ४ तपासायला कार्ड लागतच नाही. कार्ड काढा, मायक्रो एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा आणि वीज द्या. बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा आतला छोटा प्रोग्राम) स्वतःच एक माहितीचा पडदा दाखवतो. त्यावर मॉडेल, मेमरी आणि बोर्डाचा सहा अंकी रिव्हिजन कोड असतो. कोडचं पहिलं अक्षर ए असेल तर १ जीबी, बी असेल तर २, सी म्हणजे ४ आणि डी म्हणजे ८. या बोर्डाचा कोड बी ने सुरू होत होता. २०१९च्या फार जुन्या बूटलोडरवर हा पडदा येत नाही. तसं असेल तर आपल्या घरी नव्याने लिहिलेल्या कार्डावरून बोर्ड सुरू करा आणि 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'सीपीयूइन्फो' फाइलमध्ये शेवटी दिलेला रिव्हिजन पाहा. "सेटिंगमुळे मेमरी कमी दिसते" हे उत्तर अर्धंच खरं आहे. 'कॉन्फिग' फाइलमधल्या 'टोटल मेम' ओळीने मेमरी कमी दाखवता येते, वाढवता येत नाही. नव्या कार्डावर ती ओळ नसतेच. शिवाय ८ जीबीचं मॉडेल मे २०२० मध्ये आलं, त्याआधीचा बोर्ड ८ जीबीचा असूच शकत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मात्र चार्जरने दिला. त्यावर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेलं होतं, केबल एक मीटर लांब आणि बारीक. कॅमेरा किंवा पेन ड्राइव्ह लावला की बोर्ड अडखळायचा, कधी आपोआप रीस्टार्ट व्हायचा. विक्रेता म्हणाला, नागपूरची गरमी, काय करणार. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, बंद डब्यातला पाय ४ तेव्हा सहज ८० अंशांवर जाऊन वेग कमी करतो, म्हणून ही सबब पटतेही. पण गरमी आणि कमी वीज यांतला फरक बोर्ड स्वतः सांगतो. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी' ची 'गेट थ्रॉटल्ड' ही कमांड द्या. ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. ०एक्सई०००० आलं तर मात्र गरमीचं कारण खरं. इथे ५ आला होता, तोही सकाळी पंख्याखाली.

मल्टिमीटर असेल तर चारही कोअरवर लोड टाकून पिन २ (५ व्होल्ट) आणि पिन ६ (ग्राउंड) मध्ये व्होल्टेज मोजा. ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड इशारा देतो, स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं. दोष बहुतेकदा केबलचा असतो. २८ गेजच्या तारेचा (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाणारी आणि येणारी मिळून ०.४२. सव्वा अँपिअर ओढला की अर्धा व्होल्ट केबलमध्येच जातो. अधिकृत चार्जर ५.१ व्होल्टचा असतो आणि त्याची केबल १८ गेजची असते, ती उगाच नाही. अॅडॉप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून पाहता येतो. या चार्जरवर तो छापलेलाच नव्हता.

कमी व्होल्टेजमुळे कार्डावरच्या फाइली खराब होतात. इथे कार्डही खोटं निघालं, त्यामुळे दोष कुणाचा हे कळायला वेळ लागला. ६४ छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात ८ जीबीच होते. कार्डातली कंट्रोलर चिप संगणकाला ६४ सांगते, पण आठच्या पुढे लिहिलेलं एकतर हरवतं किंवा आधीच्या फाइलींवरच लिहिलं जातं. डेस्कटॉपसहित ओएसच पाच-सहा जीबी घेते. म्हणून पहिले काही दिवस सगळं छान चालतं, अपडेट केलं किंवा थोडे फोटो साठवले की फाइल सिस्टीम बिघडते. लिनक्सवर 'एफ३राइट' आणि मग 'एफ३रीड', विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' चालवा. ही साधनं पूर्ण कार्ड भरून परत वाचतात. वेळ लागतो, पण ओएस टाकायच्या आधी हे करायचंच. एक खुलासा: ३२ जीबीचं खरं कार्डही संगणकावर २९ च्या आसपास दिसतं. ती मोजायच्या पद्धतीतली तफावत आहे, त्यासाठी दुकानदाराशी भांडू नका.

सेन्सरची अदलाबदल तर बाजारात सर्रास दिसते. बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० देतात. सेन्सर बसवलेली पट्टी सारखीच, दाब आणि तापमान बरोबर, फक्त आर्द्रता नाही. नवशिका मग दिवसभर कोड तपासत बसतो. डोळ्यांनीही ओळखता येतं: बीएमईचा धातूचा डबा चौकोनी, अडीच बाय अडीच मिलिमीटरचा, बीएमपीचा आयताकृती, दोन बाय अडीचचा. नक्की करायचं तर 'आयटूसीगेट' या कमांडने सेन्सरचा पत्ता ०एक्स७६ (काही पट्ट्यांवर ०एक्स७७) वरचं रजिस्टर ०एक्सडी० वाचा, चिपची ओळख तिथे असते. ०एक्स६० आलं तर बीएमई, ०एक्स५८ आलं तर बीएमपी.

डीएस१८बी२० चं असंच. ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (डेटा आणि विजेच्या तारेमध्ये) लावून जोडला की लिनक्स त्याचं नाव २८ आणि डॅशने सुरू करून दाखवतो. अस्सल चिपमध्ये डॅशनंतर लगेच चार शून्यं येतात. ती नसतील तर नक्कल समजा. नक्कल चालतेच नाही असं नाही, पण ±०.५ अंशाच्या अचूकतेवर विसंबू नका.

नॅनोच्या चिपवर एटीमेगा३२८पी छापलेलं होतं. स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) अपलोड करताना चिपची सिग्नेचर, म्हणजे ओळख क्रमांक, जुळत नाही अशी तक्रार आली. ३२८पी ची सिग्नेचर १ई ९५ ०एफ, यातली १ई ९४ ०६, म्हणजे एटीमेगा१६८. प्रोग्राम साठवायची फ्लॅश मेमरी ३२ ऐवजी १६ केबी. यूएसबीसाठी सीएच३४० चिप असणं ही मात्र फसवणूक नाही. स्वस्त बोर्डांत ती असतेच आणि बरी चालते.

बॅटऱ्यांवर ९९०० एमएएच. १८६५० आकाराच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मर्यादा येते. खरा सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो, किचनच्या काट्यावर ठेवून बघा. जंपर वायरींना चुंबक चिकटत असेल तर आत तांबं कमी, लोखंड जास्त.

जुना किंवा हातोहात माल घ्यायचा असेल तर भेट टीव्ही आणि प्लग असलेल्या ठिकाणी ठेवा, कार्ड आणि चार्जर आपला न्या, आणि कार्डाविना येणारा तो पडदा बघूनच पैसे द्या. दुकानातून घेतलं तर बिलावर 'कॉम्प्युटर पार्ट्स' असं मोघम लिहू देऊ नका. मॉडेल आणि मेमरी लिहून घ्या, कारण पुढे वाद त्यावरच होतो. पैसे मिळण्यासाठी पिन टाका किंवा क्यूआर स्कॅन करा असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर शक्य तितक्या लवकर फोन करा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. बिल असलेल्या दुकानदाराविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पुरावा म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, रिव्हिजन कोडच्या पडद्याचा फोटो आणि 'एफ३रीड' चा निकाल, चारही जोडा.