पैदाशीसाठी कोणता नर राखावा: एकलं करडू की जुळ्यातलं?

तीन महिन्यांची नर करडं समोर उभी केली की नजर सगळ्यात थोराडावर जाते. ते बहुधा एकलं असतं, आईचं सगळं दूध एकट्यानं प्यालेलं. जुळ्यातलं शेजारी किरकोळ दिसतं आणि विक्रीला आधी तेच निघतं. मला हे पटत नाही.

समजा, एकलं 3 किलोचं जन्मलं आणि 90 दिवसांत 15 किलोचं झालं. जुळ्यातलं अडीच किलोचं, ते 13 वर आलं. फरक 2 किलोंचा. पण त्याचं भावंडही तेवढंच भरलं असेल, तर त्या शेळीनं तेवढ्याच दिवसांत 26 किलोंची करडं वाढवली! शिवाय इथवरच्या वाढीत आईच्या दुधाचा वाटा मोठा. करडाची स्वतःची धमक दूध तुटल्यावर कळते. म्हणून सहाव्या महिन्यात पुन्हा वजन करा. दोन्ही 21 किलोंवर असतील, तर एकल्यानं 6 किलो कमावले, जुळ्यातल्यानं 8. मी जुळ्यातलं राखेन.

एकलं पहिलटकरणीचं असेल तर मात्र थांबा. पहिल्या वेताला दूध कमीच असतं, त्यामुळे त्या 15 किलोंची किंमत वाढते. आणि जुळी देण्याचा गुण पुढच्या पिढीत फारसा ठामपणे उतरत नाही. आईचं एकच वेत बघून भुलू नका, दोन-तीन वेतांची नोंद बघा.

अंगात खोट असेल तर वजनाला अर्थ नाही. दोन्ही अंडगोळ्या खाली उतरलेल्या, सारख्या आणि घट्ट हव्यात. एकच उतरली असेल तर तो नर बाद, कारण हा दोष पुढच्या पिढीत जातो. ओठ उघडून बघा: खालचे पुढचे दात वरच्या हिरडीला नेमके टेकले पाहिजेत. मग चालवून पाय बघा. कळपात बिनशिंगी शेळ्या असतील तर शिंगांचाच नर घ्या. नर-मादी दोघंही बिनशिंगी असले की काही करडं धड नर ना मादी अशी, वांझ निपजतात.

सहाव्या महिन्यापर्यंत दोघांनाही ठेवायचं, तर तिसऱ्या महिन्यातच माद्यांपासून वेगळं बांधा. चार महिन्यांचा नरही आपल्या आईला किंवा बहिणीला गाभण करू शकतो.