वीज जाते, पाणी चढतं: सांगलीतल्या एकट्या सर्व्हरसाठी काही आडबाजूची टूल्स

कुपवाड एमआयडीसीतलं वर्कशॉप घ्या, मार्केट यार्डातली हळदीची पेढी घ्या, नाहीतर मिरजेतलं छोटं हॉस्पिटल. लिनक्स असेल तर बहुतेक ठिकाणी थाट एकच: कोपऱ्यात जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन किंवा उबुंटू, फाइली वाटून घ्यायला साम्बा, डेटाबेससाठी मायएस्क्यूएल आणि खाली एक यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ तगवणारी बॅटरी. बघणारा माणूस आठवड्यातून दोनदा येणारा. अशा जागी मोठाली मॉनिटरिंग सिस्टीम लावली की सर्व्हरपेक्षा तिचीच उठाबस जास्त होते. त्यापेक्षा खालची टूल्स बरी. सगळी फुकट आहेत आणि डेबियनच्या पॅकेज-भांडारातच मिळतात.

पहिला मान एटॉपचा, म्हणजे मशीनवरचा भार नोंदवून ठेवणाऱ्या टूलचा. टॉप आणि एचटॉप सगळ्यांना माहीत असतात, पण ते फक्त आत्ताचं दाखवतात. तक्रार मात्र नेहमी कालची असते: "काल दुपारी बिलिंग अडकलं होतं." एटॉपची सर्व्हिस दर 600 सेकंदांनी मशीनची पूर्ण अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवते, आणि डेबियनमध्ये 28 दिवसांच्या फाइली राहतात. एटॉपला हायफन आर देऊन त्या दिवसाची फाइल उघडायची, बी दाबून वेळ टाकायची, मग लहान टी दाबून पुढे आणि मोठा टी दाबून मागे सरकायचं. डिस्कची ओळ लाल दिसली की डी दाबा, कुठल्या प्रोसेसनं डिस्क धरून ठेवली ते कळतं. दहा मिनिटांचं अंतर फार आहे. एटसी-डिफॉल्टमधल्या एटॉपच्या फाइलीत ते 60 करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. फाइली फुगतात, म्हणून लॉगची जागा आधी तपासा. एक उणीव आहे: कुठली प्रोसेस किती नेटवर्क खाते हे नेटएटॉप वेगळं बसवल्याशिवाय दिसत नाही.

नटचं, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्सचं, काम सगळ्यात मोलाचं आणि बसवणं सगळ्यात किचकट. वीज गेल्यावर यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, मग सर्व्हर धाडकन बंद पडतो आणि डेटाबेसची टेबलं बिघडतात. नट बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद करतं. आधी बघा, यूपीएसला डेटाचं यूएसबी पोर्ट आहे का. नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. घरगुती इन्व्हर्टरवर चालणाऱ्या ऑफिसांना तर बहुधा हा मार्गच नाही.

पोर्ट असेल तर नट-स्कॅनर चालवा. नावाजलेल्या कंपन्यांचे यूपीएस बहुधा यूएसबीहिड-यूपीएस या ड्रायव्हरवर चालतात, स्वस्तातले बरेचसे नटडीआरव्ही-क्यूएक्सवर. मग दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. नट.कॉन्फमध्ये मोड मुळात "नन" असतो. तो "स्टँडअलोन" केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. आणि ड्रायव्हरनं परवानगीची कुरकुर केली तर यूएसबीची केबल एकदा काढून परत लावा, कारण यूडेव्हचे, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना परवानग्या देणाऱ्या व्यवस्थेचे, नवे नियम जोडणी झाल्यावरच लागू होतात.

स्वस्त यूपीएसच्या "बॅटरी कमी" या इशाऱ्यावर विसंबू नका. बॅटरी जुनी झाली की इशारा आणि अंधार एकदमच येतात. यूपीएस-शेड या नटच्याच भागात टायमर लावा: वीज गेल्यापासून 120 सेकंदांत आली नाही तर सर्व्हर बंद, आली तर टायमर रद्द. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू ठेवा. तरीही एक फट उरते. सर्व्हर बंद होत असतानाच वीज आली तर यूपीएसचं आउटपुट खंडितच होत नाही, मग बायोसला वीज "परत आली" हे कळणार कसं? त्यासाठी शेवटी नटनं यूपीएसलाच आउटपुट तोडायचा हुकूम द्यावा लागतो, आणि तो प्रत्येक यूपीएस पाळत नाही. चाचणी संध्याकाळी, काम संपल्यावर, खरोखर प्लग काढूनच घ्या.

बॅकअपसाठी रेस्टिक हे टूल. इथे टूलइतकाच जागेचा प्रश्न आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल तर तिला बॅकअप म्हणू नये. दुसरी प्रत विट्याला किंवा जतला ठेवा; पूर जतला पोचत नाही. रेस्टिक एसएफटीपीवरून, म्हणजे सुरक्षित फाइल-जोडणीवरून, साध्या लिनक्स मशीनवर लिहितं, डेटा निघतानाच एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतो आणि पहिल्यांदा सोडून फक्त बदललेले तुकडे जातात. 200 जीबीचा पहिला बॅकअप 20 एमबीपीएस अपलोडवर बावीस तासांपेक्षा जास्त घेतो. तो आधी डिस्कवर घ्या, डिस्क एसटीनं न्या आणि रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअपचा सगळा साठा, तशीच तिकडे कॉपी करा.

मायएस्क्यूएलच्या चालू फाइली थेट उचलू नका, डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलीतली नक्कल, घ्या. डंप पाइपनं रेस्टिकमध्ये ओतलात आणि तो मध्येच तुटला, तर अर्धा डंपसुद्धा स्नॅपशॉट, म्हणजे एका वेळचा पूर्ण बॅकअप, म्हणून जपला जातो. रेस्टिकच्या 0.17 आवृत्तीपासून डंपची कमांड रेस्टिकलाच चालवायला देता येते आणि ती फसली तर स्नॅपशॉट बनत नाही. डेबियन 12 मध्ये 0.14 आहे, तिथे आधी डंप फाइलीत घ्या, यश तपासा, मगच बॅकअप. जुने स्नॅपशॉट यादीतून काढणाऱ्या "फर्गेट"नं जागा मोकळी होत नाही, सोबत नको असलेला डेटा पुसणारं "प्रून" लागतं. बॅकअप चालू असताना वीज गेली तर जुनं कुलूप मागे राहतं आणि पुढचं प्रून अडतं. दुसरं काही चालू नाही याची खात्री करून "अनलॉक" द्या. पासवर्ड कागदावर लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवा. तो हरवला तर डेटा गेला, दुसरी वाट नाही.

एटसीकीपर बसवायला पाच मिनिटं. एटसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधला प्रत्येक बदल गिट या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये नोंदतं, पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर स्वतःच कमिट करतं. फाइलींचे मालक आणि परवानग्याही लिहून ठेवतं, जे नुसतं गिट करत नाही. त्यात पासवर्डांच्या खुणा असलेली शॅडो फाइलही येते, तेव्हा ही रिपॉझिटरी बाहेर कुठेही ढकलू नका.

मॉश हे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं टूल, साताऱ्याहून सांगलीचा सर्व्हर बघणाऱ्यासाठी. नेट तुटलं, मोबाइल वायफायवर गेला, तरी सेशन टिकतं. 60000 ते 61000 यूडीपी पोर्ट उघडावे लागतात, लोकेल, म्हणजे भाषा-अक्षरांची सेटिंग, यूटीएफ-8 हवा. मागचं आउटपुट वर सरकवून बघता येत नाही, म्हणून आत टीमक्स, म्हणजे जुनं आउटपुट जपणारं टर्मिनल, चालवा.

डिस्क भरली की कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते दाखवणारं एनसीडीयू, हायफन एक्ससह, म्हणजे दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये घुसत नाही. डी दाबलं की फाइल पुसते. नवख्याच्या हाती देताना हायफन आर लावा, मग काही पुसता येत नाही. बेरीज डीएफ या कमांडनं दाखवलेल्या वापरलेल्या जागेशी जुळत नसेल तर उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफला अधिक एल 1 देऊन बघा: पुसलेला पण कुठल्यातरी प्रोसेसनं उघडा धरलेला लॉग सापडेल. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते.