ज्युनो परत आला, पण आतल्या दोन चिपा बदलून

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या घरात माणसंच कशीबशी मावली, तिथे ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासून जमवलेले सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) कुठे ठेवणार? यामाहाचा डीएक्स-७, कोर्गचा एम-१, रोलंडचे डी-५० आणि ज्युनो-१०६. डी-५० तेवढा ठेवायचा, बाकीचे चांगल्या हातात जाऊ देत, असं ठरवून जाहिराती टाकल्या. ज्युनोच्या बाबतीत जे घडलं ते लिहितोय, कारण अशी चोरी होऊ शकते हे पोलिसांनाही पटवून देता येत नाही.

नेहमीची फसवणूक आधी येऊन गेलीच. जाहिरात टाकून तास होत नाही तोच एका 'फौजी' साहेबांचा फोन. बदली झालीये, जवान येऊन सामान नेईल, पैसे आत्ताच पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे आता पोराटोरांनाही माहीत आहे. फोन ठेवून दिला. (कुणाचे पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्या बँकेत जाऊ म्हणून बसू नका.)

हात मारला तो जाणकाराने. तिशीतला मुलगा, बोलायला गोड. आल्या आल्या हिंदी सिनेमासंगीतातले वादक चरणजित सिंग यांचा विषय काढला. १९८२ मध्ये त्यांनी इथे मुंबईत रोलंडच्याच ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ या सिंथवर राग वाजवले, ती रेकॉर्ड २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली आणि मग जगाला त्यांचा शोध लागला, हे सगळं त्याला पाठ. आमच्यासारख्या जुन्या वाजवणाऱ्याला आणखी काय हवं? ज्युनोवर बसल्यावर त्याने पहिल्यांदा कोरस (आवाज भरदार करणारा इफेक्ट) बंद केला आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत कान देऊन ऐकलं. मला वाटलं, दर्दी आहे. तो माल तपासत होता.

त्याचं कारण सांगतो. १९८४ चा हा सिंथ एका वेळी सहा सूर (व्हॉइस) वाजवतो आणि प्रत्येक सुरामागे ८००१७ए नावाची एक चिप असते. फिल्टर आणि आवाजाची पातळी दोन्ही तिच्यात. रोलंडने या चिपांवर काळ्या रेझिनचा लेप दिला होता, आणि वर्षं सरली तसा तो लेपच त्यांच्या मुळावर आला. त्यातून करंट झिरपायला लागतो, मग सूर खरखरतो, अडकतो किंवा मुका होतो. उपाय म्हणजे चिप काढून ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायची, लेप सुटला की परत बसवायची. ज्युनो-१०६ चा हा आजार जगजाहीर आहे, आणि म्हणूनच ही चोरी पचते. चालू चिपेला गिऱ्हाईक आहे, आणि चिप मेलेली निघाली तरी ती कुणी बदलली अशी शंका कुणाला येत नाही.

"काका, स्टुडिओत लावून बघतो, दहा हजार ठेवून घ्या," म्हणाला. लाखाच्या घरातला व्यवहार, त्यात ही मागणी गैर वाटली नाही. दोन-तीन दिवसांनी ज्युनोची पेटी घेऊन परत हजर. "दोन व्हॉइस गेलेत काका. जुना माल आहे, रिक्षात हादरे बसले असतील." लावून पाहिलं तर खरंच, दोन नंबरचा मुका आणि पाच नंबरचा नुसता गुरगुरतोय. त्याने आपले दहा हजार घेतले, वाकून नमस्कार केला आणि गेला. नमस्काराचा मला अजून राग येतो.

माझ्या टेक्निशियन मित्राने स्क्रू काढले, बोर्डावर बॅटरी मारली आणि हसायलाच लागला. "अरे, या दोघी कोट घालून कुठून आल्या?"

काही वर्षांपूर्वी त्यानेच सहाही चिपा ॲसिटोनमध्ये टाकून उघड्या केल्या होत्या. चार तशाच होत्या, चिपेवरचे इवले इवले भाग स्पष्ट दिसत होते. दोन मात्र मूळच्या काळ्या लेपासकट, आणि त्यांच्या पायांशी सोल्डर नवं, चकचकीत, सोल्डर करताना वापरतात ते फ्लक्स बोटाला चिकटत होतं. उतरलेला लेप पुन्हा चढत नसतो.

त्या मुलाचा फोन बंद. त्याने दिलेल्या कार्डावरचा स्टुडिओ त्या इमारतीत कधीच नव्हता. पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं, पण साहेबांचा प्रश्न साधा होता: "पेटी तुमच्याकडेच आहे ना? मग चोरीला काय गेलं?" अर्ज घेतला, शिक्का दिला.

एम-१ आणि डीएक्स-७ नंतर विकले ते वेगळ्या रीतीने. आधी बोर्डाचे जवळून फोटो, मग स्क्रूंच्या डोक्यांवर नेलपॉलिशचा थेंब. कुणी उघडलं तर कळतं. ज्युनो विकणाऱ्यांनी 'की ट्रान्सपोज' हे बटण दाबून धरून सिंथ चालू करावा. पट्टी दाबली की कोणता व्हॉइस वाजतोय त्याचा आकडा दिसतो. सहाही व्हॉइस गिऱ्हाइकासमोर वाजवून त्याचं तोंड दिसेल असा व्हिडिओ घ्या. ज्याला तपासायचंय त्याने लॅपटॉप घेऊन यावं, दिवसभर बसावं, चहा मी देईन, जेवणही देईन. पेटी उंबऱ्याबाहेर जाईल ती पूर्ण पैसे आल्यावरच, आणि ओळखपत्राची प्रत व 'तपासून घेतलं' अशी सही ठेवून.

माझा ज्युनो अजून विकलेला नाही. नव्या बनावटीच्या पर्यायी चिपा मिळतात, त्या मागवल्यात. पण गेल्या काही महिन्यांत मुंबई-ठाण्याकडून कुणी ज्युनो-१०६ किंवा नुसत्या ८००१७ए घेतल्या असतील, तर एकदा बघा. लेप उतरवलेल्या, पाठीवर पांढऱ्या रंगाने मराठीत २ आणि ५ लिहिलेल्या चिपा दिसल्या तर त्या माझ्या आहेत. परत मागत नाही. कुणाकडून घेतल्या तेवढं पोलिसांना सांगायला माझ्याबरोबर चला.