झिर्कोनियाच्या भावात धातूची कॅप

आईच्या दाढेचं रूट कॅनल झाल्यावर डॉक्टरांनी तीन भावांच्या कॅप सांगितल्या. सगळ्यात महाग झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या, टणक सिरॅमिकची: "काकू, धातू अजिबात नाही, पंधरा वर्षं वॉरंटी." आईला खोट्या कानातल्यांनीसुद्धा पुरळ येतं, म्हणून तीच ठरली. पावतीवर मात्र नुसतं लिहिलं 'सिरॅमिक क्राउन' (क्राउन म्हणजे कॅपच). धातूवर पोर्सिलेन चढवलेली स्वस्त कॅपही याच नावाने विकली जाते.

वर्ष सरायच्या आत भाकरी खाताना पांढरा टवका उडाला आणि आतून करडा धातू दिसला. डॉक्टर म्हणाले, "सुपारी फोडली असेल. झिर्कोनियाचाही टवका उडतो." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच पेशंट गप्प बसतो. झिर्कोनियाची ताकद साधारण ९०० ते १२०० मेगापास्कल; दिसायला छान म्हणून तिच्यावर पोर्सिलेनचा थर दिला, तर त्या थराची जेमतेम शंभराच्या आसपास. तो थर उडू शकतो. पण उडाला तरी खाली पांढरंच दिसतं, करडं नाही.

वॉरंटी कार्ड नीट पाहिलं तेव्हा तर हद्दच झाली. दाताचा नंबर ३६, म्हणजे खालची डावी दाढ. आईची उजवी, ४६. कुणा दुसऱ्याच पेशंटचं कार्ड आमच्या हातात दिलं होतं!

धातूची कॅप वाईट नसते, हेही सांगते. कित्येकांच्या तोंडात ती वर्षानुवर्षं टिकते. पैसे एकीचे घेऊन दुसरी बसवली, तेही पुरळाचं आधी सांगितलेलं असताना, राग त्याचा आहे.

कॅप सिमेंटने पक्की करण्याआधी हातात मागून घ्या आणि आतली बाजू बघा. झिर्कोनिया आतूनही पांढरी किंवा दाताच्या रंगाची असते. एकदा चिकटवल्यावर एक्स-रेवर भरवसा नको, त्यात धातू आणि झिर्कोनिया दोन्ही पांढरेच दिसतात. पावतीवर मटेरियल आणि दाताचा नंबर लिहून घ्या. वॉरंटी कार्डाचा नंबर वॉरंटी देणाऱ्या कंपनीकडे तिथल्या तिथे पडताळा. तुटलेला टवका टाकू नका.

"अर्धे पैसे देतो, तक्रार नाही असं लिहून द्या," डॉक्टर म्हणाले. आईने सही केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. टवका, पावती आणि ते ३६ नंबरचं कार्ड घेऊन आम्ही तिकडेच निघालोय.