भाड्याचं पॉकेट वायफाय: डबी बरी, अटी वाचून घ्या

परदेशात भाड्याने मिळणारं पॉकेट वायफाय म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी. आत मोडेम, सिम आणि साधारण ३००० एमएएचची बॅटरी. टॉवरकडून फोरजी किंवा फाइव्हजी घ्यायचं आणि भोवतालच्या पाच-दहा फोनांना वायफाय म्हणून वाटायचं, एवढंच तिचं काम. विमानतळावर उचला, निघताना परत करा. यंत्र म्हणून ती क्वचितच दगा देते. पैसे वाया जातात ते करारातल्या बारीक अक्षरांमुळे आणि आपल्याच फोनच्या सेटिंगमुळे.

आधी ही सेवा कोणासाठी आहे ते सांगून टाकू. तीन-चार जण दिवसभर एकत्र फिरणार असतील, सोबत लॅपटॉप किंवा टॅब्लेट असेल, गटात एखादा जुना, ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) न चालणारा किंवा कंपनीने लॉक केलेला फोन असेल, तर डबी घ्या. भाडं माणशी वाटलं जातं आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळी खटपट करावी लागत नाही. एकटा प्रवासी असेल आणि त्याच्या फोनला ई-सिम चालत असेल, तर डबी म्हणजे विकतचं ओझं: आणखी एक वस्तू चार्ज करायची, सांभाळायची, वेळेवर परत करायची. दोघं असतील तर प्रश्न एकच: दिवसात किती वेळ वेगळे होणार? वायफायचा पल्ला मोकळ्यावर दहा-पंधरा मीटर, भिंत आली की त्याहून कमी. डबी खिशात असलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर गेला की बाकीच्यांचं नेट त्याच्याबरोबर जातं, आणि नेमकं तेव्हाच 'कुठे आहेस?' विचारायचं असतं.

आता 'अनलिमिटेड'. बहुतेक योजनांमध्ये या शब्दाचा अर्थ असा, की रोज ठरावीक डेटा पूर्ण वेगाने मिळेल (५०० एमबी, १ जीबी, ३ जीबी असे टप्पे असतात) आणि तो संपला की वेग १२८ किंवा २५६ केबीपीएसवर येईल. नेट बंद पडत नाही, म्हणून जाहिरात खोटी ठरत नाही. पण १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट. ४ एमबीचा एक फोटो जायला चार मिनिटं, तीही दुसरं कोणी काही करत नसेल तर. व्हॉट्सअॅपवर लिहिलेला मजकूर जातो; नकाशात मात्र करडे चौकोन दिसत राहतात. त्यामुळे काउंटरवर 'अनलिमिटेड आहे का?' हा प्रश्न फुकट आहे. विचारा: पूर्ण वेगाने रोज किती, संपल्यावर वेग किती, आणि 'रोज' कुठल्या घड्याळाने?

या तिसऱ्या प्रश्नाकडे सगळेच दुर्लक्ष करतात. काही सेवांचा दिवस प्रवासाच्या देशातल्या मध्यरात्री नव्हे, तर कंपनीच्या सर्व्हरच्या वेळेनुसार पालटतो. हिशोब हाँगकाँगच्या वेळेने होत असेल तर पॅरिसमध्ये नवा कोटा हिवाळ्यात संध्याकाळी ५ वाजता आणि उन्हाळ्यात ६ वाजता सुरू होतो. हे माहीत असेल तर फोटो पाठवणं, दुसऱ्या दिवसाची तिकिटं उतरवून घेणं ही कामं संध्याकाळनंतर ठेवता येतात. माहीत नसेल तर दुपारी नेट का रांगतंय ते कळत नाही. भाड्याचे दिवस मोजण्यातही असाच घोळ असतो: काही ठिकाणी २४ तासांचा एक दिवस, काही ठिकाणी तारखेचा. रात्री ११ ला उतरून डबी घेतली तर तारखेच्या हिशोबात एका तासाला पूर्ण दिवसाचं भाडं लागतं.

डेटा जातो कुठे? फोनला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत. मोबाइल डेटावर असताना तो हात आखडता घेतो. वायफाय दिसलं की फोटोंचा बॅकअप, अॅपचे अपडेट, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, सगळं मोकळं सुटतं. चार फोनांनी हॉटेलात पोचताच दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की १ जीबीचा कोटा कोणी काहीही न बघता संपतो. मग दोष डबीला दिला जातो.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे आणि तो प्रत्येक फोनवर करायचा आहे. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या यादीत डबीच्या नावापुढचं चक्र दाबा आणि नेटवर्क वापराच्या पर्यायात 'मीटर्ड' (मोजून मिळणारं नेट) निवडा. आयफोनमध्ये नावापुढचा गोलातला आय दाबून 'लो डेटा मोड' चालू करा. हा पर्याय आयओएस १३ पासून आहे. विंडोज लॅपटॉपवर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. लॅपटॉप विसरू नका, कारण विंडोजचा एक मोठा अपडेट दोन-तीन दिवसांचा कोटा गिळू शकतो. फोटो बॅकअप अॅपमध्ये जाऊन वेगळा थांबवलेला बरा. चित्रपटांचं म्हणाल, तर नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. ते हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या. नकाशेही आधीच ऑफलाइन घेऊन ठेवा.

डबीच्या आत काय आहे यावरही बरंच ठरतं. एक प्रकार साधा: त्या देशातल्या कंपनीचं सिम आत घातलेलं. एकाच देशात फिरायचं असेल तर हा उत्तम. वेग चांगला, इंटरनेटवरचा पत्ता स्थानिक. दुसरा प्रकार क्लाउड सिमचा. ग्लोकलमी हे त्यातलं ओळखीचं नाव. यात डबी आधी एका तात्पुरत्या जोडणीवरून सर्व्हरला विचारते, सर्व्हर त्या देशात चालेल असं सिम दुरून नेमून देतो आणि मग खरं नेट सुरू होतं. म्हणून नव्या देशात पहिल्यांदा चालू केल्यावर दोन ते पाच मिनिटं काहीच होत नाही. घाईने तीनदा बंद-चालू केलं तर तीनही वेळा पहिल्यापासून सुरुवात. चालू करून बाजूला ठेवा. अनेक देशांच्या प्रवासात हा प्रकार सोयीचा. मात्र नेमून दिलेलं सिम तिसऱ्याच देशाचं, रोमिंगवरचं असू शकतं. मग सगळी ये-जा त्या देशामार्गे होते, व्हिडिओ कॉलमध्ये बोलणं उशिरा पोचतं, वेबसाइट भलत्याच भाषेत उघडतात आणि बँकेचं अॅप कधीकधी संशय घेतं.

चीनमध्ये मात्र हाच दोष गुण ठरतो. तिथल्या स्थानिक सिमच्या डबीवर गूगल, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम उघडत नाही. हाँगकाँगचं किंवा दुसऱ्या देशाचं सिम रोमिंगवर असेल, तर ये-जा त्या देशातून होत असल्याने ही अॅप्स बहुधा चालतात. चीनसाठी डबी घेताना 'आत सिम कुठलं?' हा पहिला प्रश्न असावा, वेगाचा नंतर.

'युरोप पॅकेज' घेताना देशांची यादी बोट ठेवून वाचा. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचा जादा आकार गेला आणि हा नियम नॉर्वे, आइसलँड, लिकटेनस्टाइनलाही लागू आहे. स्वित्झर्लंड त्यात नाही. ब्रिटनही बाहेर पडल्यापासून नाही. तुर्की, सर्बिया, बोस्निया तर नाहीतच. मिलानहून झुरिकला जाणाऱ्या गाडीत सीमा ओलांडली की पॅकेज मुकं होतं, ते यामुळेच. चांगल्या योजनांमध्ये स्वित्झर्लंड आणि ब्रिटन घातलेले असतात, पण ते गृहीत धरू नका.

मॉडेल नंबर विचारून बँड (डबी टॉवरच्या कुठल्या रेडिओ लहरी पकडते ते) बघणं किचकट वाटतं, पण शहराबाहेर जाणार असाल तर तेवढं कराच. युरोपात इमारतींच्या आत आणि खेड्यापाड्यांत ८०० मेगाहर्ट्झचा बँड २० कामाला येतो. तो नसलेली डबी शहरात झकास आणि डोंगरात ठोंबी. अमेरिकेत टी-मोबाइलच्या जाळ्यावर हेच काम ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१ करतो, जपानमध्ये डोकोमोवर बँड १९. सिग्नल कमी झाला की थ्रीजीवर जाऊ, या भरवशावरची जुनी डबी तर नकोच. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी २०२२ मध्येच बंद केलं. फाइव्हजीसाठी जास्त भाडं मात्र देऊ नका. नकाशा, तिकीट आणि कॉलला फोरजी पुरतं, आणि कोटा १ जीबीचाच असेल तर फाइव्हजीने तो फक्त लवकर संपतो.

काउंटरवरून हलण्यापूर्वी पिशवी उघडा. डबी, केबल, चार्जर, प्लगचा अडॅप्टर, कधी पॉवर बँक; जे आहे त्याचा एक फोटो काढा, ओरखड्यांसकट. हरवलेल्या केबलचेही पैसे कापले जातात. डबी चालू करून मागच्या स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड टाका, फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि एखादं वेबपान उघडून बघा. वेग मोजणारं अॅप चालवू नका: १०० एमबीपीएसच्या जोडणीवर दहा सेकंदांची नुसती डाउनलोड चाचणी १२५ एमबी खाते, म्हणजे ५०० एमबीच्या कोट्यातला पाव भाग तिथेच गेला.

बॅटरीबद्दल जाहिरातीतले दहा-बारा तास एका फोनचे आणि भरपूर सिग्नलचे असतात. चार फोन आणि धावती रेल्वे असेल तर सहा ते आठ धरा. सिग्नल शोधण्यातच बॅटरी जास्त जाते, त्यामुळे लांबच्या बोगद्यात किंवा रेंज नसलेल्या घाटात डबी बंद ठेवावी. १०,००० एमएएचची पॉवर बँक तिला दोनदा निवांत भरते. मात्र बॅगेच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून चार्जही करायचं आणि वापरायचीही, असं केलं तर डबी तापते आणि स्वतःहून बंद होते. बाहेरच्या कप्प्यात ठेवा. धातूच्या बाटलीला चिकटून ठेवली तर सिग्नलही पडतो. विमानात पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात कधीच नाही. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १०० वॉट-अवर. १०,००० एमएएच म्हणजे ३७, तेव्हा चिंता नाही. डबीही जवळच ठेवा.

नेट गेलं की आधी कुठली कडी तुटली ते बघा. फोनला डबीचं नावच दिसत नसेल तर ती झोपली आहे: बराच वेळ कोणी जोडलेलं नसलं की बऱ्याच डब्या वायफाय बंद करतात, बटण दाबलं की जाग येते. नाव दिसतं पण जोडलं जात नसेल तर जोडणीची मर्यादा भरली असेल. कोणाचं तरी घड्याळ किंवा टॅब्लेट जागा अडवून बसलेलं असतं. जोडलं जातं, डबीवर टॉवरच्या दांड्याही आहेत, तरी पान उघडत नाही? मग कोटा संपला आहे, नाहीतर सिमचं काहीतरी. फोनच्या ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाका. आत डबीचं पान उघडतं आणि वापरलेला डेटा, जोडलेली यंत्रं, रोमिंग चालू आहे की नाही हे दिसतं. कोटा शिल्लक असेल तर डबी बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करून पाच मिनिटं द्या. तरीही नाहीच, तर मदतकेंद्र. सुईने दाबायचं रीसेटचं भोक मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय दाबू नका. काही डब्यांत कंपनीने भरलेलं एपीएन (सिमला नेटशी जोडणारं सेटिंग) त्याने पुसलं जातं आणि मग डबी खरोखरच निकामी होते. मदतकेंद्राचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, कारण तो शोधायला नेट लागतं आणि तेच गेलेलं असतं.

डबीला फोन नंबर नसतो. बँकेचे ओटीपी यायचे तर स्वतःचं सिम फोनमध्ये चालूच हवं, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद करा. एसएमएस येण्यासाठी रोमिंग सेवा निघण्याआधी सुरू करून घ्यावी लागते, परदेशातून ते करणं जिकिरीचं. क्रूझवर किनारा सुटला की डबी निरुपयोगी, आणि तिथे आपला फोन जहाजाच्या महागड्या उपग्रह नेटवर्कला चिकटू शकतो. समुद्रात फोन विमान मोडवर ठेवून फक्त जहाजाचं वायफाय वापरा.

डिपॉझिट बहुधा क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. डेबिट किंवा प्रीपेड कार्ड दिलं तर तेवढी रक्कम सुटायला काही दिवस जातात आणि प्रवासात हात आखडतो. विमा घेण्याआधी तो चोरी आणि हरवणं दोन्ही धरतो का, पोलिसांचा कागद लागतो का, हे वाचा. नुसत्या पाण्याने बिघडण्यापुरता असेल तर सोडून द्या. परतीचं विमान पहाटेचं असेल तर काउंटर बंद असतो. तिथे परतीची पेटी आहे का आणि ती कुठल्या टर्मिनलवर आहे, हे घेतानाच विचारून ठेवा. जपानमध्ये सोबत मिळालेल्या पाकिटात घालून टपालपेटीत टाकण्याचीही सोय असते. ती पेटी सुरक्षा तपासणीच्या अलीकडे असते, पलीकडे गेलात की डबी तुमच्याबरोबर घरी येते आणि उशिराचं भाडं रोज चढत राहतं. पाकीट चिकटवण्याआधी केबल आत गेली का बघा, आणि पाकिटाचा व त्यावरच्या नंबराचा फोटो काढून डिपॉझिट सुटेपर्यंत जपा.